फ्लँज : दोन नळ्यांची सोयरीक आणि फिटरचा जीव

पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातले गाव. धान, मिरची, वांगी पिकविणारा हा पट्टा. पण शेतावर बाराही महिने पोट भरत नाही, हे आपल्या वस्तीतील माणसाला सांगायला नको. धानाची कापणी-मळणी आटोपली की तरुण पोरे बाहेर पडतात. कोणी भंडारा-तुमसरकडच्या राइस मिलमध्ये जातो, कोणी वरठीच्या पोलाद कारखान्यात, कोणी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत ठेकेदाराच्या माणसांत, तर कोणी थेट नागपूरच्या हिंगणा नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत. सणावाराला पोरगा घरी आला की आई विचारते, "बाबू, काम काय करतोस?" तो सांगतो, "पाइपलाइनवर आहे. फिटरच्या हाताखाली." आई मान हलविते. पण पाइपलाइनवर म्हणजे नेमके काय, हे तिला कोणी समजावून सांगत नाही.

या लेखात तेच सांगायचे आहे. पाइपलाइनवरच्या पोराच्या हातात दिवसभर जी वस्तू असते तिचे नाव फ्लँज. काही फिटर तिला 'फ्लेंच'ही म्हणतात. वस्तू साधी, भोके पाडलेल्या चकतीसारखी. पण ती नीट बसली नाही, किंवा चुकीच्या वेळी खोलली, तर माणसाचा जीव जातो. म्हणून ती घरातल्या सर्वांना माहीत असावी.

कुकरची रिंग आणि कारखान्याची नळी

माताभगिनींनो, फ्लँज समजून घ्यायला कारखान्यात जाण्याची गरज नाही. चुलीपाशी प्रेशर कुकर असेल तर तो बघा. खाली भांडे, वर झाकण आणि दोहोंच्या मध्ये रबरी रिंग. रिंग कडक झाली, तिला चीर पडली, की बाजूने वाफ फुसफुसते आणि डाळ शिजत नाही. भांडे आणि झाकण दोन्ही मजबूत असले तरी वाफ अडविण्याचे काम ती मऊ रिंगच करते.

कारखान्यात हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर असते. एका नळीच्या तोंडाला एक जाड चकती जोडलेली, दुसऱ्या नळीच्या तोंडाला तशीच दुसरी. दोन्ही चकत्यांना सारख्या अंतरावर भोके. मध्ये पॅकिंग, ज्याला गॅस्केटही म्हणतात. भोकांतून बोल्ट घालून नट आवळले की दोन नळ्यांची सोयरीक झाली. गावच्या नळयोजनेच्या पंपघरात डोकावून पाहा. पंपापाशी आणि मोठ्या व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगाला बोल्टांचे कडे दिसेल, तोच फ्लँजचा जोड.

मग नळ्या सरळ वेल्डिंग करूनच का जोडत नाहीत? कारण वेल्डिंग केलेली नळी खोलायची तर कापावी लागते. पंप बिघडतो, व्हॉल्व्ह झिजतो, नळीत गाळ साचतो. तेव्हा जोड उघडता यायला हवा. फ्लँज आहे म्हणून दुरुस्ती होते. आणि उघडता येतो म्हणूनच हा जोड धोक्याचाही आहे.

धोका केवढा, याचा हिशोब करून बघू. घरच्या कुकरमध्ये शिटीपर्यंतचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. कारखान्यातील चार इंची नळीत दहा किलोचा दाब आहे असे धरा. त्या नळीचे तोंड सुमारे ७८ चौरस सेंटिमीटरचे. म्हणजे तोंडावर लावलेल्या चकतीला आतून जवळजवळ ८०० किलोचा रेटा बसतो. धानाचे ४० किलोचे वीस कट्टे एकावर एक रचून जेवढे वजन होईल तेवढा. हा रेटा अडवून धरणारे आठ बोल्ट. आणि पाना घेऊन त्यांच्यासमोर उभा असतो आपला मुलगा.

स्टेनलेस स्टील कशासाठी?

पाण्याच्या, वाफेच्या नळीला बहुधा साधे लोखंड किंवा पोलाद पुरते. उसना तांदूळ करणाऱ्या गिरणीत बॉयलरची वाफ साध्या पोलादी नळीतूनच फिरते. पण जिथे आम्ल वाहते, दूध वाहते, औषधाचा माल वाहते, तिथे साधे पोलाद गंजते, झिजते, माल खराब करते. स्फोटके तयार करताना नायट्रिक आम्ल लागते, ते साध्या पोलादाला खाऊन टाकते. अशा ठिकाणी स्टेनलेसची नळी आणि तिला स्टेनलेसचाच फ्लँज लागतो.

इंग्लंडमधील शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली हा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात याचा शोध घेत होता. १९१३ साली त्याने क्रोमियम मिसळलेले जे पोलाद ओतले ते गंजत नाही असे आढळले. ब्रिअर्ली हा भट्टीवर काम करणाऱ्या गरीब कामगाराचा मुलगा होता आणि बाराव्या वर्षीच कारखान्यात कामाला लागला होता, हेही आपल्या मुलांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की त्याच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर चढतो. थराला ओरखडा गेला तरी हवेतील ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा भरून येतो, जखमेवर खपली धरावी तसा. आपल्या स्वयंपाकघरातील चांगल्या स्टीलच्या भांड्यावर कधी कधी १८/८ असा आकडा असतो. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. कारखान्यात याच जातीला ३०४ म्हणतात. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम आणि थोडे जास्त निकेल घातले की ३१६ ही जात होते.

दोहोंत फरक काय? आपल्या आज्या लोणचे स्टीलच्या डब्यात ठेवू देत नसत, चिनी मातीच्या बरणीत ठेवायला लावत. त्यांचे बरोबरच होते. मिठातील क्लोराइड स्टेनलेसच्या त्या अदृश्य थराला बारीक छिद्रे पाडते. वरून भांडे लखलखीत दिसते, पण आत खोल खड्डा पडत जातो. खारे पाणी, समुद्राची हवा, क्लोराइडचे रसायन असेल तिथे ३०४ टिकत नाही, ३१६ जास्त टिकते. आणि हायड्रोक्लोरिक आम्लापुढे तर दोन्ही हरतात. "स्टेनलेस आहे, त्याला काही होत नाही," असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

चकतीची जन्मकथा

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाई. धातू तापवून, ठोकून आकार देण्याची विद्या इथल्या मातीला नवी नाही. फ्लँजही तसाच घडतो. स्टेनलेसच्या गोल दांड्याचा तुकडा कापतात, भट्टीत अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत लाल करतात आणि मोठ्या हातोड्याखाली किंवा प्रेसखाली दाबून चकतीचा आकार देतात. मग पुन्हा एक हजार चाळीस अंशांच्या वर तापवून पाण्यात झटकन थंड करतात. यामुळे धातूची गंज अडविण्याची ताकद परत येते. नंतर लेथवर कातकाम, ड्रिलवर भोके आणि शेवटी कडेवर अक्षरे ठोकणे.

फ्लँजच्याही जाती आहेत. गळ्यासारखा निमुळता भाग असलेला वेल्ड नेक, हा जास्त दाबासाठी. नळीवर सरकवून बसविण्याचा स्लिप ऑन, कमी दाबासाठी. आटे असलेला थ्रेडेड. आणि मधे भोकच नसलेला, नळीचे तोंड बंद करणारा ब्लाइंड. फिटर त्याला डमीही म्हणतात. या ब्लाइंडची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून नाव लक्षात ठेवा.

कडेवरची अक्षरे म्हणजे फ्लँजची जन्मपत्रिका. तिथे बनविणाऱ्याची खूण, नळीचे माप, दाबाचा वर्ग, धातूची जात आणि हीट नंबर असतो. भट्टीतल्या एकाच घाण्यातून निघालेल्या मालाला एकच हीट नंबर पडतो. त्या नंबरावरून धातूच्या तपासणीचा दाखला शोधता येतो.

दाबाचे वर्ग १५०, ३००, ६०० असे चढत २५०० पर्यंत जातात. इथे पुष्कळ नवशिके फसतात. १५० चा अर्थ दर वेळी १५० पौंड दाब असा नाही. ३१६ जातीचा १५० वर्गाचा फ्लँज नेहमीच्या तापमानाला २७५ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १९ किलो दाब सोसतो. तोच फ्लँज ३०० अंश सेल्सिअसला तापला की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. गरम लाइन आणि थंड लाइन यांना एकच मोजमाप लावून चालत नाही.

चमकते ते सगळे सारखे नसते

निकेल महाग. म्हणून काही पोलादात निकेल कमी करून मँगनीज वाढवितात. अशा जातींना २०१, २०२ असे आकडे आहेत. मँगनीज म्हटले की आपल्याला तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी आठवतील. आपल्याच जिल्ह्याच्या पोटातून निघणारे हे खनिज पोलादाच्या धंद्याला लागते, ही अभिमानाची गोष्ट आहे. २०१ चे भांडे घरात वापरायला हरकत नाही. पण ३०४ किंवा ३१६ च्या जागी २०१ चा माल खपविला, तर आम्लाच्या लाइनवर तो लवकर दगा देतो.

डोळ्यांनी हा फरक कळत नाही. लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत सर्रास आहे, पण ती अपुरी आहे. २०१, ३०४ आणि ३१६ या तिघांनाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. खरी ओळख रासायनिक चाचणीने किंवा क्ष-किरणांच्या छोट्या यंत्राने पटते. म्हणून कडेवरची अक्षरे घासून गेलेला, हीट नंबर नसलेला फ्लँज हातात आला तर तो लाइनवर चढविण्याआधी सुपरवायझरला दाखवावा. विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

अशरफचा फ्लँज

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येऊ.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण १९८४ च्या त्या काळरात्रीच्या तीन वर्षे आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, त्याच कारखान्यात मोहम्मद अशरफ नावाचा कामगार नळीच्या जोडावरचा खराब फ्लँज बदलण्याच्या कामावर होता. जोड उघडताना आत राहिलेले फॉस्जीन हे विषारी रसायन त्याच्या अंगावर उडाले. घाबरून त्याने मास्क काढला आणि वायू छातीत गेला. फॉस्जीनचा घात असा की सुरुवातीला माणसाला बरे वाटते, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागते. अशरफ वाचला नाही.

अशरफला ओळखणारा राजकुमार केसवानी हा भोपाळचा तरुण पत्रकार या मृत्यूने अस्वस्थ झाला. त्याने कारखान्याची चौकशी सुरू केली आणि १९८२ साली 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला धोक्याचा इशारा दिला. पुन्हा पुन्हा दिला. तो कोणी मनावर घेतला नाही. छोट्या साप्ताहिकात छापलेले शब्द मोठ्या लोकांनी वाचले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आजही मनाला डाचतो.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथे नळ्या पाण्याने धुण्याचे काम निघाले. धुताना पाणी भलतीकडे जाऊ नये म्हणून फ्लँजच्या जोडात पातळ ब्लाइंड सरकवायचे असते. व्हॉल्व्ह बंद असला तरी तो गळू शकतो, ब्लाइंड गळत नाही. त्या रात्री ते ब्लाइंड टाकलेच नव्हते, असे तिथल्या कामगारांनी सांगितले. ब्लाइंड टाकणे हे देखभाल विभागाचे काम, आणि दुसऱ्या पाळीच्या देखभाल सुपरवायझरची जागा काही दिवस आधीच काटकसरीपोटी काढून टाकलेली होती. पाणी ६१० नंबरच्या टाकीत शिरले. टाकीत ४० टनांच्या वर मिथाइल आयसोसायनेट होते. पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. कारखान्याला लागून असलेल्या गरिबांच्या झोपड्यांतली हजारो माणसे मेली. कोणीतरी मुद्दाम टाकीत पाणी सोडले, असे कंपनीचे म्हणणे राहिले. हा वाद आपण इथे सोडवू शकत नाही. पण टाकी थंड ठेवणारे यंत्र बंद होते, वायू जाळून टाकणाऱ्या मशालीची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती, या गोष्टी उघड आहेत. एका पातळ चकतीची आणि एका सुपरवायझरची काटकसर किती महाग पडू शकते, हे भोपाळने शिकविले.

असे केवळ आपल्याच देशात घडते असेही नाही. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो येथे एका रासायनिक कारखान्यातील सहा टाक्यांपैकी एकीला चीर पडली. ती काढून दोन टाक्यांच्या मधे तात्पुरती वाकडी नळी जोडण्यात आली. तिचा आराखडा म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. १ जून १९७४ ला ती नळी निखळली, वायूचा स्फोट झाला आणि २८ माणसे मेली. "तात्पुरते जोडून घे, मग बघू," हे वाक्य कोणत्याही भाषेत घातकच असते.

पाना हातात घेण्यापूर्वी

जाणते फिटर नव्या पोराला जे शिकवितात ते इथे थोडक्यात देत आहोत. कात्रण काढून ठेवावे.

१. लाइनमध्ये काय आहे ते विचारल्याशिवाय फ्लँजला हात लावू नये. लेखी परमिट पाहावे. ज्या फ्लँजचे परमिट आहे तोच हा, याची खात्री करावी.

२. दाब उतरला का, लाइन रिकामी झाली का, व्हॉल्व्हला कुलूप लागले का, ब्लाइंड टाकले का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. प्रेशर गेजचा काटा शून्यावर असला तरी गेज तुंबलेला असू शकतो.

३. फ्लँजच्या जोडासमोर तोंड करून उभे राहू नये. आपल्यापासून लांबच्या बाजूचा बोल्ट आधी सैल करावा, म्हणजे आत उरलेले काही असेल तर ते पलीकडे उडेल. सगळे बोल्ट एकदम काढू नयेत.

४. अंगावर रसायन उडाले तरी धोक्याच्या जागेत मास्क काढू नये. आधी तिथून बाहेर पडावे.

५. जोड बंद करताना पॅकिंग नेहमी नवे घ्यावे. जुन्या लाइनवर ॲस्बेस्टॉसचे पॅकिंग निघते. ते कोरडे खरडू नये, त्याची धूळ फुप्फुसाला कायमची अपाय करते. पाण्याने ओले करून, योग्य मास्क लावूनच काढावे.

६. बोल्ट गोल फिरत एकामागून एक आवळू नयेत. समोरासमोरचे, कैचीसारखे आवळावेत. पहिल्या फेरीत तिसरा हिस्सा ताकद, दुसऱ्या फेरीत दोन हिस्से, तिसऱ्या फेरीत पूर्ण. एकाच बाजूने आवळले तर पॅकिंग तिरके दबते आणि गळती लागते.

७. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर घासून कायमचा जाम होतो. म्हणून आट्यांना त्यासाठीचे वंगण लावावे. स्टेनलेस साफ करायला लोखंडी ब्रश वापरू नये. लोखंडाचे कण चिकटून गंज धरतात.

घरच्यांनी काय करावे?

पोरगा पाइपलाइनवर जात असेल तर घरच्यांनी चार गोष्टी जरूर विचाराव्यात. हातमोजे, बूट, चष्मा ठेकेदार देतो की पगारातून कापतो? राज्य विम्याचे कार्ड निघाले का? कामावर चढण्याआधी कोणी काही शिकविले का? आणि सलग दोन पाळ्या तर करीत नाही ना? थकलेल्या माणसाच्या हातून बोल्ट सुटतो, खूण चुकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणण्याचे विधेयक आले. आठ तासांमागे आरामाइतकाच जिवाच्या सुरक्षिततेचाही विचार आहे. दुप्पट हजेरीच्या मोहाने तो सोडू नये.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या कामाची माहिती आणि प्रशिक्षण मिळण्याचा, तसेच जिवाला धोका दिसताच तो वरिष्ठांच्या आणि सुरक्षा समितीच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार सुरक्षा संहितेतही असा इशारा देण्याचा हक्क राखलेला आहे. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे सरकारी खाते याच कामासाठी आहे. "मी हा फ्लँज खोलत नाही, आधी ब्लाइंड टाका," असे म्हणणारा पोरगा कामचुकार नाही. तो स्वतःचा, सोबत्यांचा आणि कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांचा जीव राखतो आहे.

दहावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला हेल्पर म्हणून पाठविण्याआधी आयटीआयचा विचार करावा. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी. तिथे नकाशा वाचता येतो, माप घेता येते, फ्लँजच्या कडेवरची अक्षरे कळतात. हेल्पर "हो साहेब" म्हणून पाना उचलतो, शिकलेला फिटर आधी विचारतो, "लाइनमध्ये काय आहे?" हा एक प्रश्न अशरफच्या मृत्यूने आपल्याला दिला आहे. आपल्या प्रत्येक पोराने तो विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत पाना खाली ठेवावा.